काळपाथरीचा तिसरा खांब

विषय : काळपाथरी रोड स्टेशनाजवळील जुन्या पुलाचा खांब क्रमांक तीन.
संदर्भ : नागव्वा कोम तिम्मा वडार हिचा अर्ज.

काळपाथरीला येणाऱ्या पाहुण्यांना दोन गोष्टी चमत्कारिक वाटतात. जुन्या पुलाचे बाकीचे खांब ठेकेदाराने दगडासाठी उचलून नेले, नदीत एकटा तिसरा उभा आहे. आणि गाडीत चढण्यापूर्वी इथला प्रत्येक माणूस, मग तो हेडमास्तर असो की आमदारकीचा उमेदवार, दोन ओळखीच्यांना मोठ्याने सांगतो, "मी माझ्या पायांनी चाललो."

दोन्हींचे मूळ एकच, असे जुनी माणसे सांगतात.

रूळ आले तेव्हा इथे गाव नव्हते. भोगडी नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे मोगलाई. ज्याला एका तीरावर तोंड दाखवायची सोय उरत नसे तो दुसऱ्या तीरावर येई. पहिली वस्ती अशा सज्जनांची. कोणी कोणाचे आडनाव खरे मानत नसे. आम्ही त्यांचे वंशज आजही पणजोबांच्या मूळ गावाची चौकशी करीत नाही.

पुलाचा तिसरा खांब लागोपाठ दोन पुरांत वाहून गेला. नदीला माणूस हवा, अशी वदंता उठली. पूल बांधणारा रेल्वे कंपनीचा साहेब मजुरांची नावे वहीत लिहून घेई. संशयाला तेवढे पुरले. तिसऱ्या वर्षी खांब टिकला. त्याच आठवड्यात तिम्मा वडार दिसेनासा झाला.

त्याची बायको नागव्वा मुकादम राणबाकडे गेली.

"गेला आसंल मोगलाईत," राणबा म्हणाला. "वडाराचं काय, आज हितं, उद्या तिथं."

"त्येचा घण हितंच हाय," नागव्वा म्हणाली. "वडार बायकू टाकून जाईल, मुकादम. घण टाकून जायचा न्हाई."

वस्तीला हे तत्काळ पटले. बायको टाकून आलेले तिथे बरेच होते.

नागव्वाने स्टेशनावरच्या कारकुनाकडून अर्ज लिहून घेतला. तो असा होता, म्हणे : "तिसरा खांब फोडून बघावा. नवरा आत असला तर कुंकू पुशीन, नसला तर लावीन. तोवर काय करावे ते कळवावे." उत्तर आले : अर्ज पोहोचला, विचार चालू आहे.

मग ती घण मांडीवर घेऊन फलाटाच्या दाराशी बसली. चढणाऱ्या प्रत्येकाला विचारी, "आपल्या पायानं चाललास न्हवं? कोन बघतंय?" दोघांनी "आम्ही बघतो" म्हटल्याशिवाय ती वाट देत नसे. एकतीस वर्षे ती बसली. म्हणे, ती सोमवारी कुंकू लावी आणि मंगळवारी पुशी. उत्तर कोणत्या दिवशी येईल याचा नेम नव्हता.

मध्ये एकदा एक लाकडाचा व्यापारी उतरला. त्याने रायचूरकडे तिम्माला दगड फोडताना पाहिले होते.

"घण कसा व्हता?" नागव्वाने विचारले.

"नवा होता, बाई."

"मग तो तिम्मा न्हवं."

तो व्यापारी कंपनीने पाठवलेला, असे वस्तीने ठरवले. पुरावा असा की तो कंपनीच्या गाडीने आला होता. दुसरी गाडी तेव्हा नव्हती.

नागव्वा गेली, तिच्या जागी दोन माणसे उभी राहू लागली आणि प्रथा पडली. पुढे वरच्या अंगाला नवा पूल झाला, जुना मोडायला काढला. तिसऱ्या खांबाशी ठेकेदाराचे काम थांबले. दप्तरात नागव्वाचा अर्ज निघाला होता. अर्जाचा निकाल लागेपर्यंत खांबाला हात लावता येत नाही, आणि खांब फोडल्याशिवाय निकाल लागत नाही.

तिची पणती रेणुका रेल्वेच्या कार्यालयात जाऊन आली. गावातल्या दोघांची संमती आणा, आम्ही खांब उघडतो, असे तिला सांगण्यात आले. ग्रामसभेत तिने कागद फिरवला.

"पोरी, आत कोणी नसलं तर?" राणबाच्या नातवाने विचारले.

"तर पणजीनं रोज कुंकू लावायला हवं होतं, एवढं तरी कळेल," रेणुका म्हणाली.

कागद सगळ्या सभेतून फिरून तिच्याकडे कोराच परत आला.

आजही खांब उभा आहे. रेणुका दर गाडीला दाराशी असते. कोणी चढू लागला की "मी बघते" म्हणते, आणि दुसरा साक्षीदार शोधते. घण तिच्या घरी आहे. अर्जावरचा शेवटचा शेरा 'विचाराधीन' असा असून अर्ज प्रलंबित आहे.