चार नावांचा दगड

फार फार वर्षांमागची गोष्ट. समुद्रात एक होतं बेट. बेटावर राहायचा हिरोजी तांडेल, त्याची बायको येसू, धाकटा भाऊ भिवा आणि म्हातारी आई गोदाई. घरात माणसं चार. होडी त्यांची, रापणीचं जाळंही त्यांचंच.

रापण म्हणजे काय, ते आधी सांगते. होडीतून समुद्रात गोल जाळं टाकायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि साऱ्या गावानं मिळून ओढायचे. बेटाची रीत अशी, की दोराला ज्याचा हात, त्याला माशांचा वाटा. गावातली म्हातारी भिकूमावशी तर इतकी थकलेली, की तिला ओढवायचं नाही. ती सगळ्यांच्या मागे बसून ओला दोर गुंडाळायची. तिलाही वाटा मिळायचा.

एकदा भर दुपारी वादळात एक गलबत समोरच्या खडकावर फुटलं. सोळा माणसं पाण्यात. लाटा अशा, की होडी जवळ जाईना. हिरोजी आणि भिवा छातीचे गडी. त्यांनी आपली होडी जाळ्यालाच बांधली आणि मासे घेरावेत तसं त्या माणसांभोवती जाळं टाकलं. माणसं जाळ्याला बिलगली. किनाऱ्यावर सारं गाव दोर ओढायला लागलं. मध्येच एक लाट अशी आली, की दोर हातांतून सुटायला लागला. तेव्हा मागे बसलेल्या भिकूमावशीनं काय केलं? आपल्या हातातलं टोक उंडीच्या झाडाला दोनदा वेढलं. दोर थांबला. सोळाच्या सोळा माणसं वाळूवर आली, होडीही आली.

राजाच्या कानावर हे गेलं. त्यानं एक काळा दगड, एक पाथरवट आणि एक कारकून बेटावर धाडला. कारकून हिरोजीला म्हणाला, ‘‘ज्यांनी माणसं वाचवली त्यांची नावं सांग. दगड लहान आहे. चारच मावतील.’’

हिरोजी विचारात पडला. गावातल्या एकाचं सांगावं, तर दुसरा रुसणार. त्यापेक्षा घरचीच बरी, भांडणच नको. त्यानं घरची चार नावं सांगून टाकली.

दगड किनाऱ्यावर उभा राहिला. बेटावर वाचता कुणाला येत होतं? कारकुनानंच मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक एकेक करून पांगले. भिकूमावशी तेवढी हसली आणि काठी टेकत घरी गेली. गोदाईनं मात्र लेकाला धारेवर धरलं. ती तर वादळाच्या दिवशी गुडघ्याला लेप लावून घरात पडली होती. हिरोजी म्हणाला, कोरलेलं आता कसं पुसणार?

पावसाळ्याला महिना उरला होता. पुढे चार महिने समुद्र बंद. मग सुकवलेल्या मासळीवरच घराची चूल चालायची. एका सकाळी बांगड्यांचा मोठा थवा किनाऱ्याशी आला. हिरोजीनं जाळं टाकलं, दोर वाळूवर आणले आणि हाक दिली. कुणीही आलं नाही. सारं गाव खडकांवर कालवं फोडत बसलं होतं. तो भिकूमावशीकडे गेला.

मावशी म्हणाली, ‘‘सोळा बाप्ये तुम्ही चौघांनी ओढलेत, तांडेला. दगडच सांगतो. मग बांगडे काय जड?’’

चौघांनी दोर धरला. गोदाईसुद्धा लंगडत आली. तळहात सोलले, पण जाळं हलेना. शेवटी ते फाटू नये म्हणून हिरोजीनं त्याचं तोंड मोकळं केलं आणि सगळी मासळी परत पाण्यात गेली.

घरी येसूनं रिकामी टोपली आपटली. ‘‘आता पावसाळाभर दगडालाच फोडणी घालते.’’

गोदाई म्हणाली, ‘‘आधी माझं नाव खोड. ते तर निव्वळ खोटं. मग तुझं तू बघ.’’

दुसऱ्या दिवशी हिरोजी छिन्नी घेऊन दगडापुढे बसला. आईचं नाव आधी खोडलं, मग बाकीची. चार दिवस लागले. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं दगडाभोवती पिळाचा दोर कोरला. एक टोक मोकळं ठेवलं.

भिकूमावशी आली. दोरावरून बोट फिरवत टोकापर्यंत गेली. ‘‘हे मोकळं का रे?’’

‘‘ते तुझ्या हातातलं, मावशी. तू वेढा दिला नसतास, तर आम्ही दोघे भाऊ बुडालो असतो आणि हा दगड आमच्या मागे उभा राहिला असता.’’

मावशी जाऊन उंडीखाली आपल्या जागी बसली. ते पाहून एकेक जण खडकांवरून उतरला.

दोन दिवसांनी थवा परत आला. हाक द्यायचीही गरज पडली नाही. वाटे घालता घालता सांज झाली.

पुढच्या वर्षी कारकून आला आणि रागावला. राजानं कोरवलेली अक्षरं गेली कुठं? भिकूमावशी म्हणाली, ‘‘तेव्हा फक्त तुम्हाला वाचता येत होतं. आता आम्हा सगळ्यांना येतं.’’ कारकुनानं दगडावरच्या दोरावर हात ठेवला.

दोर कोरला त्या वर्षीच्या पावसाळ्यात तांडेलाची चूल एक दिवसही विझली नाही. दिवाळी झाल्यावर भिकूमावशीची नात तुळसा भिवाची बायको होऊन त्याच घरात आली, आणि चाराची पाच माणसं झाली.

म्हणून सांगते, जे काम साऱ्या गावानं ओढलं, त्याचं नाव एकाच घरात ठेवू नये.