पोत्यापलीकडची माती

“पण वस्ताद, खणायचं तरी किती? मला लाथ शिकायचीय, विहीर नाही पाडायची!”

सुजय भडकलाच होता. भडकणार नाही तर काय! कमरेला तायक्वांदोचा काळा पट्टा, रविवारी साताऱ्यात राज्य संघाची निवड, वयाच्या हिशेबानं ही शेवटचीच संधी... आणि आमचे बाबालाल वस्ताद त्याला रोज तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरवून हातात खोरं देत होते. रीतच आहे आमच्याकडं. जो उडणार, त्यानंच आपली माती भुसभुशीत करायची.

“खणली?”

“खणली.”

“कुठं?”

“सरावाच्या पोत्याखाली. लाथ बसली की तिथंच उतरतो ना मी.”

वस्तादांनी पोत्याच्या पलीकडं बघितलं. तिथली माती तशीच होती, घट्ट दाबलेली.

“उड मग.”

पोरगं धावत आलं, उसळलं, हवेत गिरकी घेतली आणि टांगलेल्या पोत्यावर अशी लाथ हाणली की वरचा वासा करकरला. दोन्ही पाय अलगद मऊ मातीत. हौद्याच्या काठावर बसून मी तर तोंडात बोट घातलं. पोरगा उडतो देखणा, खोटं कशाला बोला!

“बघितलंत?” सुजय म्हणाला.

वस्ताद उठले. पोतं आकड्यावरनं काढलं, कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

“आता उड.”

“मारू कुणाला?”

“कुणाला नाही.”

सुजय हसला. धावला... आणि थांबला.

मागं गेला, पुन्हा धावला. पुन्हा थांबला, पलीकडच्या घट्ट मातीकडं बघत.

हसू पार मावळलं. हौद्यात येरझाऱ्या घालायला लागला, मनगटं झटकत, मधेच वाकून गुडघा चाचपत. एका जागी उभं राहवेना त्याला.

“काय झालं रं?” वस्तादांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग उड की.”

“भीती वाटतीय, वस्ताद!” आवाजच फुटला त्याचा. “गेल्या वर्षीच्या निवडीत समोरचा ऐन वेळी बाजूला सरकला. लाथ हुकली, मी तसाच पुढं जाऊन आदळलो. गुडघा गेला. आता परत गेला तर संपलंच की सगळं!”

एवढं वाघासारखं पोर, आणि डोळे भरलेले.

“मग जिथं आदळलास, तिथली माती खणायची की.”

“ती जागा साताऱ्यात आहे!” सुजय ओरडला. वस्तादांवर आजवर असं कुणी ओरडलं नव्हतं. “साताऱ्यात जाऊन खणू?”

वस्तादांनी खोरं उचललं आणि त्याच्यापुढं धरलं.

“साताऱ्यात? ... मग आत्ता थांबलास कुठं?”