हिन्याचा फाया

डोंगराच्या कुशीत, जिथे धुकंसुद्धा उन्हं चढेपर्यंत लोळत पडायचं, तिथे फुलमाळ नावाचं एक गाव होतं. त्या गावात चांगुणा नावाची मुलगी राहायची. देवानं तिला नाक असं दिलं होतं की काय सांगावं! कुणाची आमटी बुडाला लागलीय, कुणाच्या घरी तूप कढतंय, हे ती गल्लीतून चालताना डोळे मिटून सांगायची. झोपेतही तिला वास यायचे. हिरवे, निळे, ओलसर वास. सकाळी उठून ती ते आईला सांगत बसायची आणि आई म्हणायची, बाई गं, आधी केर काढ.

गावाच्या टोकाला नूरबीआपांचा अत्तराचा कारखाना होता. तिथे तांब्याच्या मोठाल्या हंड्यांत फुलं शिजायची आणि त्यांच्या वाफेचं अत्तर व्हायचं. आपा आता थकल्या होत्या. त्यांना हाताखाली एक माणूस हवं होतं. ही बातमी कानावर आली आणि चांगुणाला काही सुचेना. हे काम मिळालं नाही तर मामा तिला आपल्या चुन्याच्या भट्टीवर नेणार होता. त्या भट्टीचा धूर वर्षभर खाल्ला की नाकाला गुलाब काय नि गोवरी काय, सगळं सारखंच. तिच्या झोपेतले वासही मग कायमचे जाणार होते. त्याचीच तिला धास्ती.

भेटीच्या दिवशी येसूमावशी भल्या पहाटे हजर झाली. पहिल्या भेटीत माणूस कसं नजरेत भरलं पाहिजे, हे मावशीचं ठाम मत. तिनं आपली जरीकाठी साडी चांगुणाला नेसवली, अंबाड्यावर गजरा माळला, मनगटांना हिन्याचं अत्तर चोळलं आणि वर हिन्याचा फाया कानात खोचून दिला. अत्तरवालीच्या दारी बिनवासाचं का जायचं, असं तिचं म्हणणं. आता गंमत बघा, त्या दिवशी फुलमाळच्या घराघरात कुणी ना कुणी मावशी हेच म्हणत होती.

चांगुणा धुक्यातून निघाली. आपले पाय जमिनीवर आहेत की नाहीत, तिचं तिलाच कळेना. कारखान्याच्या अंगणात मुली नटूनथटून बसल्या होत्या. सगळ्यांच्या गजऱ्यांचा नि अत्तरांचा नुसता काला झाला होता.

आपांकडे प्रश्न विचारायची रीत नव्हती. त्या फक्त एक वाटी पुढे करायच्या. वाटीत पाणी. त्याला वास कसला, एवढं सांगायचं. पहिल्या मुलीनं खाली वाकून हुंगलं आणि सांगितलं, मोगरा. दुसरीही मोगराच म्हणाली. पुढच्या सगळ्यांनी तीच री ओढली. आपा नुसती मान हलवत होत्या.

चांगुणानं वाटी नाकाशी नेली. नुसता हिना! दुसरं काही म्हणून येईना. वाटीच्या काठाला मात्र मोगऱ्याची एक पाकळी चिकटलेली दिसत होती. म्हणून टाकावं का मोगरा? शब्द अगदी ओठांवर आला. भट्टीचा धूर डोळ्यांपुढे उभा राहिला. पण ज्या नाकानं तिला एवढी स्वप्नं दाखवली, त्याच्या नावानं खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"आपा, मला माझ्याच हिन्याशिवाय कसलाच वास येत नाही," ती म्हणाली. "हे लावून आले, चुकलंच माझं. धुऊन येऊ?"

बाकीच्या मुली फिसकन हसल्या. आपांनी ओढ्याकडे बोट दाखवलं आणि वाटी झाकून ठेवली.

चांगुणानं फाया फेकला, गजरा काढला. ओढ्याकाठची माती घेऊन मनगटं, कान, मान खसाखसा चोळली. रडू येत होतं, तेही धुऊन टाकलं. आणि मग हळूहळू एकेक वास परत आला. आधी शेवाळाचा, मग ओल्या दगडाचा, मग पलीकडच्या गोठ्यातल्या वासराच्या अंगाचा. चांगुणा पाण्यात तशीच उभी राहिली. जागेपणी स्वप्न पडावं तसं तिला झालं.

ती परतली ती निथळत. मावशीच्या जरीला चिखल, केस गालांना चिकटलेले. अंगणात पुन्हा खसखस पिकली. तिनं वाटी उघडली, डोळे मिटले आणि वाटी नाकाशी नेली.

"मोगरा नाही," ती म्हणाली. "यात फूलच नाही. दव आहे. गवतावरचं."

अगदी बरोबर होतं ते. आपांनी पहाटेच माळावरच्या गवतावर फडकं फिरवून ते दव वाटीत पिळलं होतं. पाकळी पडली होती ती पहिल्या मुलीच्या गजऱ्यातली.

आपांनी आपला पदर पुढे केला आणि चांगुणाचं तोंड पुसलं. चांगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच भेटीला आपण हे असलं ध्यान होऊन आलो, असं काहीतरी ती पुटपुटली.

"मघाशी माझी गाठ हिन्याशी पडली होती, बेटा," आपा म्हणाल्या. "तुझ्याशी आत्ता पडतेय. हीच आपली पहिली भेट."

त्याच दिवशी तिनं पहिल्या हंड्यात फुलं घातली. साडीवरून मावशीची बोलणी खाल्ली, तीही हसत हसत.

तात्पर्य: काम मागायला जाताना नीटनेटकं जरूर जावं, पण आपला गुण झाकून जाईल इतकं नटू नये, आणि जे कळत नाही ते सरळ कबूल करावं, कारण माणसाची खरी छाप तिथूनच पडते.