गार की ऊन?

"मग माझ्यात कमी काय आहे, बुवा?"

दिगंबरनं विचारलं आणि मोबाइल पुढं धरला. त्याच्या 'माणसं जोडा' या भाषणाला हजारोंनी अंगठे उचलले होते. आज दसरा. मठातलं संध्याकाळचं प्रवचन आपल्याला मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

गोविंदबुवांनी मोबाइलकडे पाहिलंच नाही. त्यांनी हात पुढं केला.

"सोनं दे."

"पहाटेच पाठवलं की! आपट्याचं पान, भोवती झेंडूची फुलं. सगळ्या गावाला पाठवलंय."

हात तसाच राहिला...

"भावाला दिलंस?"

दिगंबर चपापला. बहिणीच्या लग्नात मानपानावरून थोरल्या अण्णाशी त्याचं वाजलं होतं. तेव्हापासून भेट नाही. ज्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याचंच तोंड बघायचं नाही! घरच्या ग्रुपवर मात्र सणासुदीला सगळी गोडीगुलाबी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

"दिलं. त्यानं लगेच जोडलेले हात पाठवले."

"कसा होता हात?"

"म्हणजे?"

"गार होता, की ऊन?"

दिगंबरला आधी हसू आलं. मग ते ओठातच राहिलं.

...

मठाच्या अंगणातल्या आपट्याची डहाळी मोडून तो निघाला. अण्णाचं गाव तासाभराच्या वाटेवर. अण्णानं दार लावून घेतलं तर?

दार उघडंच होतं. अण्णा खाटेवर बसला होता. दिगंबरनं वाकून पाय धरले आणि सोनं पुढं केलं.

अण्णानं डावा हात पुढं केला.

दिगंबरला झोंबलं. सोनं घ्यायला डावा हात? अजून इतका राग?

"उजवा उचलत नाही रे," अण्णा म्हणाला. "शिमग्यापासून लुळा पडलाय."

"आणि ते... जोडलेले हात?"

"डाव्या अंगठ्यानं दाबतो."

"मला कळवलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

दिगंबर लहान पोरासारखा रडला. अण्णानं त्याला डाव्या हातानंच जवळ ओढलं. वहिनी पदरानं डोळे पुसत ओरडली, "सणाचं रडताय काय दोघं? पानं वाढलीत, बसा आधी!"

...

संध्याकाळी गाव सीमोल्लंघन करून मठापुढं परतलं. ढोल घुमत होता. तेवढ्यात वेशीकडून दिगंबर आला, ताठ मानेनं, आणि त्याच्या खांद्यावर अण्णाचा हात.

भावांचं भांडण साऱ्या गावाला ठाऊक होतं. लोक बाजूला झाले. कुणीतरी बेंबीच्या देठापासून "हर हर महादेव"ची आरोळी ठोकली आणि ढोल दुप्पट जोरानं वाजू लागला. दिगंबरला वाटलं, लंका आज आपणच जिंकली.

बुवा पायरीवर बसले होते. त्यांनी सकाळसारखाच हात पुढं केला.

दिगंबरनं अण्णाचा उजवा हात उचलला. बोटांत आपट्याचं पान धरवलं आणि तो हात बुवांच्या हातावर ठेवला.

"बुवा, प्रवचनाला कोण बसणार?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"ते तर आत्ताच झालं," म्हणत बुवांनी तो लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ढोल थांबला...

"ऊन आहे," बुवा म्हणाले.