कोपराजवळची पोपटी

वेळेखार गावाचा खाडीकडचा बांध दोरी धरून आखल्यासारखा सरळ आहे. फक्त एका ठिकाणी तो आत, शेताच्या बाजूला वळतो आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा मूळच्या रेषेवर येतो. या वळणाला गावात ‘कोपर’ म्हणतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की कोपराच्या पायथ्याशी काळे, तडकलेले दगड दिसतात. खारजमिनीत दगड मुळीच नसतो. विळ्याला धार लावायची तर दगड खाडीपलीकडच्या डोंगरावरून आणावा लागतो. मग हे दगड इथे आले कुठून, असे नवख्या माणसाने विचारले की त्याला हसुराम मोकल यांच्याकडे पाठवतात.

हसुरामकाकांनी ऐंशी ओलांडली आहे. माघात वालाच्या शेंगा भरल्या की मोकलांची सगळी घरे कोपराजवळच्या शेतात जमतात आणि पोपटी लावतात, म्हणजे पाल्यासकट मडक्यात भरलेल्या शेंगा भाजतात. इतर ठिकाणी पोपटीचे मडके जमिनीवर पालथे घालून भोवती जाळ करतात. वेळेखारला ती जमिनीत पुरतात. आम्ही चार पाहुणे पोहोचलो तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. वर लिंपलेल्या चिखलातून बारीक वाफ येत होती. काकांनी आम्हाला शेताच्या बांधावर बसवले आणि सांगायला सुरुवात केली.

फार पूर्वी इथे मोकलांची दोनच घरे होती, असे सांगतात. थोरला पोशा आणि धाकटा जोमा. दोघांचा बाप गेला आणि उघाडीवरून, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडायच्या दारावरून, भांडण झाले. ती कोणी आणि कधी उघडायची, एवढाच वाद. पण तो चुलीपर्यंत गेला. चुली दोन झाल्या, बोलणे बंद झाले. जमिनीबरोबर बांधही वाटला गेला. उत्तरेचा थोरल्याचा, दक्षिणेचा धाकट्याचा.

खारीचा बांध चिखलाचा. दरवर्षी त्यावर नवा चिखल चढवावा लागतो, नाहीतर खेकडे तो पोखरतात. दोघे भाऊ कामाला चोख. आपापला बांध त्यांनी भिंतीसारखा ठेवला. पण जिथे दोघांचा वाटा मिळतो, तिथले हातभर अंतर कोणाचे? पोशा म्हणे, माझे इथे संपले. जोमा म्हणे, माझे तिथून सुरू होते. मधल्या जागेवर एकानेही ढेकूळ टाकले नाही. टाकले असते तर ती जागा आपली आहे असे कबूल केल्यासारखे झाले असते.

पौषाच्या उधाणात पाणी बरोबर तिथून आत आले. हातभर जागेची बैलगाडी जाईल एवढी खांड झाली. पाण्याने तिथे असा खोल डोह पाडला की बांध पूर्वीच्या जागी उभा राहीना. तो आतून वळवून घालावा लागणार होता. शेतात वाल उभा होता, पण चिंता वालाची नव्हती. खारे पाणी एकदा जमिनीत बसले की पुढची कित्येक वर्षे भात होत नाही. भांगाचे दिवस, म्हणजे भरती कमी असते ते दिवस, हाताशी होते. पुढच्या उधाणाआधी खांड बुजली नाही तर दोन्ही घरांना गाव सोडावे लागले असते.

दोन्ही घरे कामाला लागली, पण आपापल्या टोकाकडून. भरती ओसरली की चिखल टाकायला जेमतेम अर्धा दिवस मिळे. त्यातही थोरल्या घराच्या बायका स्वयंपाकाला आधी जात, मग पुरुष जेवायला जात. ते परतले की धाकटे घर जाई. एकमेकांसमोर जेवायचे नाही, हा हट्ट. त्यामुळे खांडीवर दोन्ही बाजूंचे हात कधीच एकदम लागत नसत. अर्धवट टाकलेला चिखल पुढची भरती घेऊन जाई. असे रोज चालले.

जोमाची बायको ठमाबाय हे बघत होती. ती बुटकी, कमी बोलणारी आणि फार चिवट होती, म्हणे. भांगाचा शेवटचा दिवस उजाडला तशी तिने दोन्ही वाट्यांच्या सीमेवर, खांडीपासून हाकेच्या अंतरावर, खड्डा खणायला घेतला. वेगळे घर बांधायचे म्हणून जोमाने जोत्याचे दगड होडीने आणून ठेवले होते. ते सगळे तिने टोपलीने वाहून खड्ड्यात रचले आणि त्यावर लाकडे पेटवली.

थोरली जाऊ सुंदराबाय चिखलाची टोपली घेऊन तिथून जात होती. ती थांबली.

“हा खड्डा कुणासाठी ग? माझ्यासाठी खणलास का?”

“तुम्ही मावणार नाय त्यात, बाय,” ठमाबाय मान वर न करता म्हणाली. “शेंगा द्या. वाल तुमच्या वरच्या शेतात हाय. आमच्यात पाणी शिरलंय.”

“आणि शिजवणार कोण? तुझ्या हातचं आमी जेवत नाय, ठाऊक हाय ना?”

“माझ्या हातचं कुठं? दगड तापले की सगळं आत ठेवायचं, वरनं पाला, वरनं चिखल. जमीन शिजवेल. मग तुमी बी बांधावर, मी बी बांधावर. चुलीपाशी कोण बसायला नको.”

टोपली तिथेच उपडी करून सुंदराबाय वरच्या शेतात गेली आणि ओटीभर शेंगा घेऊन आली. करांदे, कोनफळ असे कंदही आणले. ठमाबायने भांबुर्डीचा पाला आणला होता. दगड लाल झाल्यावर निखारे बाजूला ओढले. पाला अंथरला. दोन घरांच्या दोन मडक्यांत शेंगा, कंद, ओवा, मीठ भरले आणि मडकी शेजारीशेजारी पालथी ठेवली. वरून पुन्हा पाला, पेंढा आणि ओला चिखल. चिखल लिंपल्यावर कोणते मडके कोणाचे, हे बाहेरून कळेना.

ठमाबायने चिखलावर दोन्ही पंजे दाबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “खांड बुजल्याबिगर हे उघडायचं नाय. त्याच्या आधी उघडलं, तर ह्यातला घास मी जन्मात तोंडात घालणार नाय.”

त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही घरांचे सगळे हात ओहोटीभर खांडीवर राहिले. कोणी कोणाशी बोलत नव्हते, पण टोपल्या दोन्ही बाजूंनी येत होत्या. नवा बांध दोन टोकांकडून वळत जवळ आला. मधे चार पावलांची फट उरली.

आणि तिथेच काम अडले. फट अरुंद झाली तसा आत साचलेल्या पाण्याला जोर चढला. ढेकूळ टाकावे की ते विरघळून जाई. जोमा कमरेभर पाण्यात उभा राहून टोपल्यांवर टोपल्या रिकाम्या करत होता आणि हाताला काही लागत नव्हते. तेवढ्यात खाडीचे पाणी थांबले. थांबले म्हणजे आता ते उलटे फिरणार होते.

“वजन पायजे,” पोशा म्हणाला. “चिखल राहत नाय.”

वजन कुठे आहे हे सगळ्यांना एकाच वेळी कळले. सगळे खड्ड्याकडे बघू लागले, आणि मग ठमाबायकडे.

ती थोरल्या दिराशी, पोशाशी, आजवर बोलली नव्हती. त्याच्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि निरोप द्यायचा तो जावेकडून, अशीच रीत होती. ठमाबायने पदर कमरेला खोचला, फावडे उचलले आणि चालता चालता म्हणाली, “भावोजी, टोपलीत ओला चिखल भरा. नायतर टोपली जळेल.”

“अगं, तू बोललीस काय सकाळी!” सुंदराबाय ओरडली. “दुसऱ्या कुणाला तरी उघडू दे!”

“मी लिंपलं, मीच फोडणार,” ठमाबाय म्हणाली.

तिने चिखल फोडला. वाफ तोंडावर आली तरी ती मागे सरली नाही. मडकी उचलून पेंढ्यावर ठेवली आणि फावड्याने दगड टोपलीत ओढले. पोशाने पहिली टोपली नेली, जोमाने घेतली. दगड पाण्यात पडताच मोठ्याने फुसकारला आणि तडकला, पण तळाला बसला. त्यामागे दुसरा, तिसरा. दगडांच्या आडोशाला चिखल थांबू लागला. दोन भाऊ त्या फटीत समोरासमोर उभे राहून पायांनी चिखल तुडवत होते. भरतीचे पाणी बांधाला लागले तेव्हा फट उरली नव्हती.

पाणी चढत गेले. बांध ओला झाला, झिरपला, पण हलला नाही.

मग सगळे जिथल्या तिथे बसले. मडकी फोडली. दगड काढून घेतल्यामुळे वाल पुरता शिजला नव्हता, करांदे मधे कडक होते. दोन्ही घरांनी ते एकाच पेंढ्यावर बसून खाल्ले. पोशाने पानावर शेंगा घेतल्या आणि स्वतः धाकट्या भावजयीसमोर धरल्या.

“खा, पोरी. सोड ती शपथ. आमच्यासाठी तर मोडलीस.”

“मोडली म्हणूनच नाय खाणार,” ठमाबाय म्हणाली. “तुमी जेवा. मी बांध बघते.”

ती त्या दिवशी जेवली नाही आणि नंतरही तिने पोपटीचा घास कधी घेतला नाही, असे सांगतात. तिचे घर पुढे जोत्याशिवायच उभे राहिले. काही जण म्हणतात की पोशाने नंतर तिला दुसरे दगड आणून दिले. हसुरामकाकांना ते पटत नाही. दिले असते, तर ते दगड कुठेतरी दिसले असते, असे त्यांचे म्हणणे.

एवढे सांगून काका उठले, कारण खड्डा उघडायची वेळ झाली होती. आमच्यातल्या एकाने घड्याळ बघून विचारले, “काका, इतक्यात? वाल कच्चा राहील ना?”

“राहतोच,” काका म्हणाले. “आमचा तसाच काढतात.”

“पण आता खांड कुठे आहे? आता घाई कसली?”

काका हसले. “खांड नाय म्हणून तर जेवायला बसलात. असती तर बसला असता का?”

आजही वेळेखारची पोपटी पुरती शिजायच्या आत काढतात. आजही खड्डा लिंपणारी बाई एका वर्षी थोरल्या घरची असते, एका वर्षी धाकट्या घरची, आणि ती त्या दिवशी पोपटी खात नाही. बांधाचे बाकीचे वाटे कागदावर आहेत. कोपर मात्र कोणाच्याच वाट्यात नाही. म्हणून जो कोणी जेवणार, मग तो मोकल असो की वाटसरू, त्याने आधी कोपरावर एक ढेकूळ टाकायचे.

या वर्षी खड्डा विशाखाने लिंपला होता. ती हसुरामकाकांची नातसून, पनवेलला एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करते. सगळे मडक्यांभोवती गोळा झाले तेव्हा ती एकटी कोपरावर उभी होती. आम्ही चपला काढल्या, चिखलात उतरलो, एकेक ढेकूळ उचलले. माझे ढेकूळ बांधावर ठेवताच घसरून खाली आले. मी ते पुन्हा उचलून हळूच वर ठेवले.

“असं ठेवायचं नाय,” विशाखा म्हणाली. “टाचेनं दाबा. परवा उधाण हाय.”