दादाचा श्वास

एका गावात एक भोळा लोहार होता, सटवा. थोरला भाऊ पिराजी घण मारी, सटवा भट्टीला भात्यानं वारा घाली. पिराजीला धाप लागू लागली. ओठ पांढरे पडले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याचं रक्त फार कमी झालंय. रक्त छातीतून ताजी हवा उचलतं, अंगभर पोचवतं. येताना वापरलेली हवा परत आणतं. त्याला ताजी हवा मिळू दे.

सटवानं घरी येऊन भाता थेट दादाच्या नाकाला लावला. दादा राखेनं काळा झाला. खोकत म्हणाला, "भात्याचं तोंड माणसाकडं नाही रे, विस्तवाकडं."

"ध्यानात ठेवतो," सटवा म्हणाला.

सकाळी वहिनी चुलीवर भाकरी भाजत होती. सटवानं भाता विस्तवाकडं केला. भाकरी राखेत, राख वहिनीच्या डोळ्यांत. वहिनी म्हणाली, भावजी, असली नाजूक कामं हळू, तोंडानं फुंकून करावीत.

"ध्यानात ठेवतो."

दादाला दवाखान्यात ठेवलं. नाकाशी नळी लावली. सटवानं नळी काढली आणि स्वतः हळू, तोंडानं फुंकू लागला. बाई धावत आल्या. म्हणाल्या, तुझ्या तोंडातून निघते ती वापरलेली हवा. ती लांब नेऊन टाक.

"ध्यानात ठेवतो."

तेव्हापासून सटवा खाटेजवळ श्वास घेई, पळत अंगणात जाई आणि तिथं सोडी. दार सारखं आपटे. बाकीच्या रोग्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

दादाची धाप वाढली. रक्त द्यावं लागलं. सटवाचं जुळलं. बाई म्हणाल्या, "आता तुझं रक्त दादाच्या अंगात राबेल."

सटवा विचारात पडला. रक्त माझं. वापरलेली हवा घेऊन ते येणार माझ्याच छातीकडं. म्हणजे दादाचा श्वासही आता मलाच सोडायचा.

तो दोघांपुरते श्वास घेऊ लागला. आत घ्यायचा, बाहेर पळायचं, सोडायचा. जेवण नाही, झोप नाही. दादाचे ओठ लाल झाले. तो उठून बसला, म्हणाला, घरी जा, भट्टी गार पडली. सटवा हलेना.

शेवटी भोवळ येऊन उंबऱ्यातच कोसळला. दादानं खाटेवरून उतरून त्याला उचललं, आपल्या जागी निजवलं, तोंडावर पाणी मारलं.

सटवा दचकून उठला. दादाच्या छातीला हात लावून म्हणाला, "मी पडलो होतो. तेव्हा तुझा श्वास कुणी घेतला?"

"मीच घेतला."

सटवाला असा राग आला की दादाकडं पाठच फिरवली. "स्वतःला येत होता, तर इतके दिवस मला कशाला पळवलंस?"