टापरे साहेबांचा लेखी परवाना

सारोळ्याच्या तलावाचं पक्षी अभयारण्य झालं आणि वनाधिकारी टापरे साहेबांनी काठावर पाटी ठोकली: लेखी परवान्याशिवाय नाव पाण्यात घालू नये, पाण्यात काहीही टाकू नये. पर्यटकांना वल्ह्याच्या नावेतून फिरवणाऱ्या द्वारकाबाई भोईंचं पोट त्या नावेवर होतं. त्यांचा अर्ज मात्र चार महिने साहेबांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता.

एका रविवारी साहेब मेहुण्यांना घेऊन सरकारी मोटरबोटीतून ‘पाहणी’ला निघाले. हाकेच्या अंतरावर गेले आणि इंजिन बंद पडलं.

“ए द्वारके, नाव आण,” साहेब ओरडले.

“परवाना नाही, साहेब,” काठावरून द्वारकाबाई म्हणाल्या.

“मी देतो ना तोंडी.”

“पाटीवर लेखी म्हटलंय.”

साहेबांनी कागदावर परवाना लिहून पाण्याच्या बाटलीत कोंबला आणि फेकायला हात उचलला.

“पाण्यात काही टाकायचं नाही, साहेब. तेही पाटीवर आहे.”

“मग मी करायचं तरी काय, द्वारकाबाई?”

“हेच मी चार महिने तुमच्या दारात विचारतेय.”

मेहुणे फिदीफिदी हसले. साहेबांनी मुकाट्यानं कारकुनाला फोन लावला. रविवारची कचेरी उघडली आणि तासाभरात, साहेबांच्या वतीनं कारकुनानं सही-शिक्का केलेला परवाना काठावर आला. द्वारकाबाईंनी तो सावकाश, दोनदा वाचला. मग वल्हं उचललं.